जुन्या दगडी इमारतीसाठी उरलेलं अंडरफ्लोअर हीटिंग : काय घ्यावं, काय सोडावं

रेवती_यॉर्कशायर

वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका दगडी चॅपलचं (छोट्या चर्चचं) गावाच्या सभागृहात रूपांतर चालू आहे. इमारत ग्रेड २ नोंदीची (वारसा म्हणून कायद्याने जपलेली), मालकी स्थानिक न्यासाची, प्रार्थना बंद झालेली. मुख्य दालन ८४ चौ. मी., त्यातल्या साधारण ७५ चौ. मी. जागेत फरशीखाली गरम पाण्याचे पाइप (अंडरफ्लोअर हीटिंग) घालता येतील. भिंती दगडी, चुन्यात बांधलेल्या, ५०० मिमी जाड. जमिनीवर यॉर्क स्टोनच्या लाद्या थेट मातीवर बसवलेल्या, जाडी ४० ते ७५ मिमी. आठवड्यातले पाच दिवस वापर ठरला आहे. उष्णता हीट पंपातून, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर आत आणणाऱ्या यंत्रातून.

पैसे बेताचे आहेत, म्हणून उरलेला माल घ्यायचा विचार आहे: रद्द झालेल्या घरबांधणीतला, वितरकाकडे परत आलेला, दिवाळखोर ठेकेदाराच्या लिलावातला. वापरून काढलेला नाही, न वापरलेला. माल कुठे मिळतो यापेक्षा तो पारखायचा कसा आणि जुन्या इमारतीला त्यातलं काय चालतं, हे जाणकारांनी सांगावं. वेगळी मतं असली तरी कारणासकट लिहा.

---

गवंडीकाका

रेवतीताई, आधी जमिनीचे थर ठरवा, मग माल शोधा. उलट केलं की हाती आलेल्या मालाप्रमाणे जमीन बदलली जाते आणि त्याची किंमत भिंती मोजतात.

नव्या घरांसाठीचा उरलेला माल गृहीत धरतो की खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर पीआयआर (कडक फोम) किंवा थर्मोकोलचे पत्रे आणि वर सिमेंटचा कोबा असेल. तुमच्या भिंतींना ओलबंद थर नाही. मातीतली ओल आज लाद्यांमधल्या फटींतून उडून जाते. जमिनीखाली प्लास्टिक पसरलं की ती ओल कडेला सरकते आणि भिंतीत चढते. दोन-तीन हिवाळ्यांत गिलावा फुगतो, खाली लोणा धरतो. मग लोक भिंतीवर उपचार करत बसतात आणि दोष जमिनीतच राहतो.

म्हणून थर असे घ्या, खालून वर:

- दाबलेली माती, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड)
- फोम ग्लासची (फुगवलेल्या काचेची) हलकी खडी, धुम्मस केल्यावर २०० मिमी
- पुन्हा जिओटेक्स्टाइल
- एनएचएल ५ चुन्याचा (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) लाइमक्रीट, म्हणजे चुन्याचं काँक्रीट, १०० मिमी
- प्लास्टिकच्या जाळीवर पाइप, त्यावर चुन्याचा कोबा ७५ मिमी
- चुन्याचा मसाला २० मिमी आणि मूळ लाद्या, सरासरी ५० मिमी

एकूण खोली ४४५ मिमी. म्हणजे आजच्या लाद्यांच्या वरच्या पातळीपासून तेवढं खाली जायचं, एकंदर सुमारे ३७ घनमीटर. इथे सगळ्यात मोठा धोका आहे. जुन्या चॅपलांचे पाये उथळ असतात. कधी कधी भिंतीचा पहिला थर जमिनीखाली जेमतेम ३०० मिमी असतो. भिंतीलगत सरळ खोदलं तर पाया उघडा पडतो. आधी तीन-चार ठिकाणी चाचणी खड्डे घ्या, पायाचा तळ मोजा आणि तिथून आत ४५ अंशांचा उतार सोडून खोदा. कडेला खोली कमी पडली तर फोम ग्लासचा थर तिथे पातळ करा. पाया उघडा करून ते भरून काढू नका.

पाया फारच उथळ निघाला तर खोदकामाचा विचार सोडून द्यावा. मग वरून बसणारे कमी जाडीचे खाचांचे बोर्ड हा एक पर्याय उरतो. पण त्यात दारांचे उंबरे, पायऱ्या आणि भिंतीच्या तळाच्या लाकडी पट्ट्या यांची उंची बिघडते आणि मूळ लाद्या झाकल्या जातात. तो निर्णय संवर्धन अधिकाऱ्याशी बोलूनच घ्यावा.

---

उष्णमापक

आकडे आधी मांडतो, कारण बऱ्याच प्रकल्पांत इथेच फसवणूक होते.

फरशीवरून मिळणारी उष्णता फरशी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. ईएन १२६४ या युरोपीय मानकाप्रमाणे सूत्र: दर चौ. मी. वॅट = ८.९२ × फरकाचा १.१ घात. हवा १८ अंश आणि फरशी २५ अंश असेल तर फरक ७, म्हणजे सुमारे ७५ वॅट. तुमच्या ७५ चौ. मी. वर मिळतात साधारण ५.६ किलोवॅट. त्याच मानकात बसण्या-उठण्याच्या जागेत फरशीची कमाल मर्यादा २९ अंश आहे, पण जुन्या दगडाला आणि लाकडाला मी २५-२६ च्या वर नेत नाही.

आता इमारतीचा उष्णताऱ्हास काढा. इन्सुलेशन नसलेलं छत, एकेरी काच आणि उंच दालन असेल तर ८४ चौ. मी. च्या जागेला कडाक्याच्या दिवशी ५.६ किलोवॅट पुरत नाहीत. आधी छतावर इन्सुलेशन, खिडक्यांच्या फटी, दाराला आतला पडदा किंवा लॉबी. त्यानंतरही जी तूट राहील ती मोठ्या आकाराच्या, कमी तापमानावर चालणाऱ्या रेडिएटरने भरा. पाइप जवळ जवळ घालून ती भरून निघत नाही, कारण मर्यादा फरशीच्या तापमानाची आहे.

दुसरा मुद्दा वापराचा. लाइमक्रीट, कोबा, मसाला आणि लाद्या मिळून २४५ मिमी, म्हणजे ८४ चौ. मी. वर सुमारे ४१ टन. एवढं वस्तुमान १ अंशाने तापवायला साधारण १० किलोवॅट-तास लागतात. १० अंशांवरून २५ वर न्यायला १५० किलोवॅट-तास, आणि तेही हवेत एक वॅट न जाता. पाच दिवसांच्या वापराला हे चालतं, कारण जमीन थंड होऊच द्यायची नाही. फक्त रविवारी उघडणाऱ्या चर्चला हीच रचना म्हणजे शुद्ध नासाडी; तिथे बाकांखालचे हीटर बरे. इंग्लंडच्या चर्चने २०३० पर्यंत नेट झीरोचं (निव्वळ शून्य कार्बनचं) उद्दिष्ट घेतल्यापासून अनेक ठिकाणी अंडरफ्लोअरची चौकशी होते, पण वापराचे तास न पाहता उत्तर देऊ नये.

---

शेखर_बाथ

उष्णमापक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून: बाथ ॲबीत (बाथ शहरातल्या जुन्या मोठ्या चर्चमध्ये) हे जमलं ते रोजच्या वापरामुळे आणि फुकट उष्णतेमुळे. तिथे खचत चाललेल्या जमिनीची दुरुस्ती करायचीच होती, लाद्या उचलायच्याच होत्या, म्हणून त्याच खोदकामात पाइप गेले. उष्णता शेजारच्या रोमन बाथ या प्राचीन स्नानगृहाच्या गटारातून घेतली आहे. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्याला रोज सुमारे ११ लाख लिटर पाणी ४६ अंशांच्या आसपास येतं. केवळ हीटिंगसाठी मध्ययुगीन जमीन उकरणं आणि जमीन उकरावीच लागणार असताना हीटिंग घालणं, या दोन गोष्टींना परवानगी देणारे अगदी वेगळ्या नजरेने बघतात.

---

पाइपवाला

उरलेल्या मालाचे मी दोन भाग करतो: जमिनीत गाडला जाणारा आणि बाहेर राहणारा. बाहेर राहणाऱ्या मालात थोडी जोखीम घ्यायला हरकत नाही. मॅनिफोल्ड (सगळ्या पाइपांना पाणी वाटून देणारी नळी) गळला तर बदलता येतो. गाडल्या जाणाऱ्या मालात शंका असेल तर तो घेऊच नये. पाइप हा सगळ्या कामातला स्वस्त भाग आहे आणि तो बदलायला पुन्हा लाद्या, कोबा, लाइमक्रीट सगळं उचलावं लागतं. तिथे वाचवलेल्या पैशाला अर्थ नाही.

पाइपवरची छापील ओळ. विक्रेत्याकडे पहिल्यांदा मागायचा फोटो हाच. त्या ओळीत उत्पादक, पदार्थ, व्यास आणि जाडी, मानक, वर्ग, दाब, उत्पादनाची तारीख आणि मीटरचा आकडा असतो. मानकावरून प्लास्टिकचा प्रकार पक्का होतो: पीई-एक्सला ईएन आयएसओ १५८७५, पॉलिब्युटिलीनला १५८७६, पीई-आरटीला २२३९१, ॲल्युमिनियमच्या थराच्या पाइपला २१००३. वर्ग ४ म्हणजे फरशीखालचं हीटिंग, वर्ग ५ म्हणजे जास्त तापमानाचे रेडिएटर. दोन्हींपैकी एक तरी छापलेला हवा. ओळ पुसलेली असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

ऑक्सिजनचा अडसर. ईव्हीओएचचा (ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा) थर असलेला पाइप आणि पिण्याच्या पाण्याचा साधा पीई-एक्स पाइप दिसायला सारखेच असतात, लिलावात दोन्ही एकाच ढिगात येतात. अडसर नसलेला पाइप ऑक्सिजन आत घेतो, लोखंडी भाग गंजतात, काळा गाळ होऊन पंप आणि हीट एक्स्चेंजर तुंबतात. छापील ओळीत डीआयएन ४७२६ चा (ऑक्सिजन अडसराच्या जर्मन मानकाचा) उल्लेख शोधा.

ऊन. पीई-एक्सला अतिनील किरणं सोसत नाहीत. खोक्यातून काढून यार्डात ठेवलेली कॉइल (पाइपचं वेटोळं) नको. बाहेरचे वेढे आतल्यांपेक्षा फिके दिसत असतील, नखाने पांढरी पूड निघत असेल, तर आतला भाग चांगला आहे हे मानायला काही आधार नाही.

जाडी. १६ मिमी म्हटलं की सगळे सारखे समजतात. १६ × २ चा आतला व्यास १२ मिमी, १६ × १.८ चा १२.४. मॅनिफोल्डवरच्या युरोकोन जोडाचा आतला दांडा एका मापाचा असतो; ०.४ मिमीच्या फरकाने तो ढिला बसतो आणि पहिल्या हिवाळ्यात तिथे थेंब दिसतो. ब्रिटनमधला १५ मिमी पॉलिब्युटिलीन पाइप तर तिसऱ्याच जोडांचा. पाइप ज्या मापाचा, जोड त्याच मापाचे नवे घ्या.

तुकडे. जमिनीत सांधा नको. एक लूप म्हणजे एक अखंड पाइप. उघडलेल्या कॉइलची लांबी दोन टोकांच्या मीटर-आकड्यांतून काढा: एका टोकाला ०३९ आणि दुसऱ्याला १०० असेल तर ६१ मीटर. विक्रेत्याच्या अंदाजावर जाऊ नका.

---

रेवती_यॉर्कशायर

खूप उपयोगी. एका लिलावातला लॉट समोर आहे, त्याची यादी देते. छापील ओळींचे फोटो आलेत.

१. १६ × २ पीई-आरटी, १०० मीटरच्या पाच न उघडलेल्या कॉइल, खोक्यात
२. तोच पाइप, उघडलेली एक कॉइल, आकडे ०३९ ते १००
३. १५ मिमी पॉलिब्युटिलीन, ५० मीटरच्या दोन
४. ८ तोंडांचा मॅनिफोल्ड, पंप आणि मिक्सिंग व्हॉल्व्हसकट
५. ॲक्च्युएटर (मॅनिफोल्डचे व्हॉल्व्ह विजेवर उघडबंद करणारे) १०
६. उंचवट्यांचे थर्मोकोल पॅनेल, ८० चौ. मी.
७. ॲल्युमिनियमचे उष्णता पसरवणारे पत्रे, दोन खाचांचे, १२०
८. फोम ग्लासच्या एक घनमीटरच्या १२ पिशव्या
९. एनएचएल ५ च्या गोण्या, सुमारे ४०

लॉट एकत्रच विकणार आहेत.

---

पाइपवाला

१ आणि २ मिळून तुमचं काम होतं. १५० मिमी अंतराने दर चौ. मी. ६.६७ मीटर पाइप लागतो. प्रत्येक १०० मीटरच्या कॉइलमधून मॅनिफोल्डपर्यंत जाण्या-येण्याचे १० मीटर वजा केले तर ९० मीटर उरतात, म्हणजे १३.५ चौ. मी. पाचांचे ६७.५. उरलेल्या ७.५ चौ. मी. ला ५० मीटर आणि टोकांचे १० लागतात. ६१ मीटरची कॉइल बरोबर बसते, पण फक्त एक मीटर शिल्लक. म्हणून मॅनिफोल्डच्या जवळचा भाग या लूपला द्या, टोकं छोटी होतील.

१०० मीटरच्या लूपमधून १३.५ चौ. मी. × ७५ वॅट, अधिक खाली जाणारी १० टक्के, म्हणजे सुमारे १,१०० वॅट न्यायचे. जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात ५ अंशांचा फरक ठेवला तर मिनिटाला ३.२ लिटर आणि सुमारे ३० किलोपास्कल दाबघट. ७ अंश ठेवला तर २.३ लिटर आणि १७ किलोपास्कल. म्हणून मॅनिफोल्डवरचे प्रवाहमापक ० ते ५ लिटरचे हवेत. ० ते २.५ चे असतील तर काटा टोकाला टेकेल आणि लूप जुळवताच येणार नाहीत. फोटोत ते तपासा.

३ सोडा. लहान व्यासाचा १२ मिमी पाइप कुणी ‘तोही चालेल’ म्हणून दाखवला तर तोही सोडा: आतला व्यास १२ चा ८ झाला की तेवढ्याच प्रवाहाला दाबघट जवळपास सातपट होते.

४ बद्दल सविस्तर. मिक्सिंग व्हॉल्व्ह आणि त्याचा पंप बॉयलरसाठी असतात: ७० अंशांचं पाणी ४५ वर आणायला. हीट पंपाला ते नको. हीट पंप ३५-४० अंशांचं पाणी देणार आणि व्हॉल्व्ह त्यात परतीचं गार पाणी मिसळणार. मग हीट पंपाला तापमान चढवावं लागतं आणि त्याची कार्यक्षमता घसरते. व्हॉल्व्ह-पंपाचा संच सोडवून नुसता मॅनिफोल्ड वापरा. ८ तोंडांपैकी ६ लागतील, दोन तोंडं टोपणाने बंद करा. कोणती दोन हे ठरवण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हचा दांडा बोटाने दाबून पाहा. वर्षानुवर्षं पडून राहिलेले दांडे अडकतात. रबरी वायसर सगळे नवे घाला.

५: ॲक्च्युएटरवर २३० व्होल्ट की २४ व्होल्ट हे वाचा. वायरिंग सेंटर (तारा जोडायची पेटी) ज्या व्होल्टचं त्याच व्होल्टचे हवेत. २४ व्होल्टचा २३० ला जोडला की तो जागीच जळतो. आट्यांचं माप एम ३० × १.५ की एम २८ × १.५ तेही मॅनिफोल्डशी जुळवा. आठ-दहा एकत्र असतील तर एकेक जोडून पाहा: बंद स्थितीतला ॲक्च्युएटर वीज दिल्यावर तीन-चार मिनिटांत वर उचलला पाहिजे.

---

गवंडीकाका

६ घेऊ नका, किंवा लॉटमध्ये आलंच तर पुढे विकून टाका. थर्मोकोलच्या पॅनेलवर लाइमक्रीट म्हणजे जो प्लास्टिकचा कागद टाळला तोच जाड करून घातल्यासारखं. पाइप प्लास्टिकच्या जाळीला दर ५०० मिमीवर बांधा, वळणावर त्याहून जवळ.

८ चा हिशेब. ८४ चौ. मी. वर २०० मिमी म्हणजे धुम्मस केलेले १६.८ घनमीटर. सैल माल त्याच्या १.२५ ते १.३ पट, म्हणजे २१-२२ घनमीटर. १२ पिशव्यांतून साधारण ११० मिमीचा थर होतो. दोन उत्पादकांची खडी एकाच थरात मिसळू नका, दाणा वेगळा असला तर बसकण वेगळी होते. लिलावातली खडी खालच्या थराला पूर्ण क्षेत्रभर, नवी वरच्या ९० मिमीला.

पिशवी उघडून तळात हात घाला. फोम ग्लास ओल वर चढू देत नाही ते दाणे मोठे आणि मध्ये बारीक चुरा नसल्यामुळे. यार्डात फोर्कलिफ्टने तुडवलेल्या पिशव्यांच्या तळाशी भुगा जमतो, माती मिसळते. तसा माल ओलबंद राहत नाही. धुम्मस करतानाही हेच लक्षात ठेवा: हलका प्लेट कॉम्पॅक्टर, दोन-तीन फेऱ्या. जास्त कुटलं की दाणा फुटून चुरा होतो.

९ बिलकुल नको. हायड्रॉलिक चुना हवेतली ओल शोषून गोणीतच जमू लागतो. गोणी हाताला मऊ लागली तरी आतली ताकद गेलेली असू शकते आणि ते कोबा घातल्यावर कळतं. चुना ताजा, उत्पादनाची तारीख पाहून घ्या.

---

मैत्रेयी_मुलुंड

इथे मुंबईत हीटिंगचा संबंध नाही, पण चुन्याबद्दल विचारते. आपल्याकडच्या वाड्यांत घाणीत (चुना दळायच्या चक्कीत) दळलेला चुना आणि सुर्खी असते. एनएचएल म्हणजे तेच का?

---

गवंडीकाका

परिणाम जवळचा, वाट वेगळी. सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. ती चुन्याशी पाण्यात क्रिया करून त्याला घट्ट करते. एनएचएलमध्ये ती चिकणमाती मूळ चुनखडीतच असते आणि भट्टीत भाजतानाच सिलिकेट तयार होतात. दोन्हींत एक गोष्ट सारखी: पकडण्यासाठी ओल लागते, घाईने वाळवलं की मसाला भुसभुशीत राहतो. हीटिंगच्या जमिनीत हीच चूक सगळ्यात जास्त होते, त्यावर पुढे लिहितो.

---

मृण्मयी_संवर्धन

परवानगीचं बोलू. नोंद असलेल्या इमारतीत जमीन उचलणं आणि पाइप घालणं यांनी तिच्या वैशिष्ट्याला बाधा येत असेल, तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट (अशा इमारतीत बदल करायची परवानगी) लागतो, आणि इथे लाद्या उचलायच्या म्हटल्यावर तो लागतोच. तो न घेता काम करणं हा नोंदीच्या इमारतींच्या १९९० च्या कायद्याच्या कलम ९ खाली फौजदारी गुन्हा आहे. इमारत अजून चर्च ऑफ इंग्लंडच्या वापरात असती तर त्याऐवजी फॅकल्टी (चर्चची स्वतःची परवानगी) आणि डायोसीसच्या (धर्मप्रांताच्या) सल्लागार समितीचा रस्ता होता.

उरलेल्या मालाचा यात थेट संबंध असा: मंजुरीच्या नकाशात आणि तपशिलात थरांची जाडी, पदार्थ, पाइपची जागा लिहिलेली असते. नंतर ‘हे स्वस्तात मिळालं’ म्हणून फोम ग्लासच्या जागी पीआयआर घालता येत नाही. बदल लेखी मान्य करून घ्यावा लागतो. म्हणून अर्जात उत्पादकाचं नाव न लिहिता गुणधर्म लिहा: ‘१६ × २ मिमी, ऑक्सिजन अडसर असलेला, वर्ग ४’. मग लिलावातला माल त्यात सहज बसतो.

खोदकामाआधी दोन तपासण्या. पहिली ॲस्बेस्टॉसची: लाद्यांवर कधीकाळी चिकटवलेल्या टाइल्स किंवा काळा डांबरी गोंद असेल तर नमुना तपासल्याशिवाय खरवडू नका, ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ ची. दुसरी पुरातत्त्वाची. चॅपलच्या आत किंवा लगत दफनं असू शकतात. खोदताना पुरातत्त्वज्ञ हजर राहण्याची अट बहुधा येते, तिचा खर्च आणि दिवस आधीच धरा. मानवी अवशेष सापडले की काम थांबवून त्यांची वेगळी परवानगी लागते.

लाद्या उचलण्याआधी प्रत्येकीला खडूने क्रमांक, वरून मोजपट्टीसकट फोटो, नकाशात नोंद. पहार लोखंडी वापरली तर कडा उडतात; लाकडी पाचरी आणि धीर. कोरीव स्मृतिशिला किंवा पितळी पट्ट्या असतील तर त्यांच्याखालून पाइप नेऊ नका. जमीन तापली की ओल तिथूनच वेगाने उडते आणि क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी येऊन कोरीव अक्षरं सोलतात. जुना गिलावा असलेल्या भिंतीपासूनही मी ३०० मिमी अंतर मागते.

---

रेवती_यॉर्कशायर

स्मृतिशिला दोन आहेत, त्यांच्याभोवती लूप वळवावे लागतील. आणखी दोन प्रश्न. वरच्या सज्जाची जमीन लाकडी आहे, तिथे ७ क्रमांकाचे पत्रे चालतील का? आणि मागच्या छोट्या खोलीसाठी विजेची मॅट मिळते आहे, ती घ्यावी का?

---

पाइपवाला

पत्रे ४०० मिमी अंतराच्या कड्यांसाठी (जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांसाठी) ३९० मिमी रुंद केलेले असतात. जुन्या कड्या कुठे ३२०, कुठे ४७० वर असतात. अरुंद गाळ्यात (दोन कड्यांमधल्या जागेत) पत्रा कापून एकच खाच वापरता येते, रुंद गाळ्यात तो लोंबकळतो आणि फळीला टेकत नाही. मधे हवा राहिली की उष्णता वर येत नाही. सगळे गाळे मोजा, मग १२० पैकी किती खरोखर बसतात ते ठरवा. कड्यांना वरून खाचा पाडून पाइप आडवा न्यायचा नाही. पाइप गाळ्याच्या टोकाला फिरवा. कोरड्या वाळू-सिमेंटचा २५ मिमी भराव कुणी सुचवेल, पण त्याने चौ. मी. ला ४५ किलोच्या आसपास भार वाढतो आणि खाली लाकडी पट्ट्यांवरचं जुनं चुन्याचं छत आहे. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय नको.

मॅटबद्दल: ती कापून लहान करता येत नाही, फक्त जाळी कापून वळवता येते. म्हणून खोलीच्या मोकळ्या क्षेत्रापेक्षा मॅट मोठी असेल तर सोडा. असेल तर मल्टिमीटरने रोध मोजा. २३० चा वर्ग भागिले वॅट: चौ. मी. ला १५० वॅटची ४ चौ. मी. मॅट म्हणजे ६०० वॅट, रोध सुमारे ८८ ओहम. लेबलपेक्षा ५ टक्के कमी ते १० टक्के जास्त चालतो. मग ५०० व्होल्टवर इन्सुलेशन चाचणी. घालण्याआधी, घातल्यावर आणि फरशी झाकल्यावर, तीनदा मोजून लिहून ठेवा. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीडी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

---

उष्णमापक

अनुदानाचं राहिलं. इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीमचे ७,५०० पौंड घ्यायचे असतील तर हीट पंप नवा आणि एमसीएस (अशा यंत्रणांची प्रमाणन योजना) नोंदणीच्या कंत्राटदाराने बसवलेला हवा. उरलेला हीट पंप स्वस्तात घेऊन ते अनुदान मिळेलच असं धरू नका. फरशीखालचे पाइप तुमचे चालतात, पण तोच कंत्राटदार पूर्ण रचनेचा हिशेब देतो आणि ‘मालकाने पुरवलेला पाइप’ म्हणून हमी नाकारू शकतो. लॉटवर बोली लावण्याआधी त्याला छापील ओळींचे फोटो दाखवून लेखी होकार घ्या.

लिलावात विकणाऱ्याकडे मूळ बिल मागा. साइटवरून चोरीला गेलेला माल या बाजारात येतो. बिल नसलेला मोठा साठा न्यासाने घेऊ नये.

---

गवंडीकाका

कोबा आणि पहिलं तापवणं, जसं म्हटलं होतं.

कोबा घालण्याआधी सगळे लूप पाण्याने भरून हवा काढा आणि ६ बारला ठेवा. प्लास्टिक पाइप ताणतो, त्यामुळे पहिल्या तासांत दाब थोडा उतरतो. पुन्हा चढवून मग खरी नोंद सुरू करा. रात्री पाणी १० अंशांनी गार झालं तर अर्धा ते एक बार घट दिसते, तिला गळती समजू नका. हवेने चाचणी करू नका. ६ बारची दाबलेली हवा फुटली तर माणूस जखमी होतो. कोबा घालताना दाब चालूच ठेवा, म्हणजे फावड्याने पाइप फुटला तर लगेच काटा पडतो. गारठ्यात काम असेल तर रात्री पाणी गोठणार नाही याची सोय करा.

कोबा ५ अंशांखाली घालू नका. पहिले दहा-बारा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. सिमेंटच्या कोब्याला ईएन १२६४ मध्ये २१ दिवसांनी तापवायला परवानगी आहे. चुन्याला तो आकडा लावू नका. मी किमान ६ आठवडे थांबवतो, ८ मिळाले तर उत्तम. ठेकेदार ‘लवकर वाळवू’ म्हणून हीटिंग चालू करतात, वरचा थर भुसा होतो आणि लाद्या पोकळ वाजतात. मग पाणी २० अंशांपासून सुरू, रोज एक-दोन अंश, ठरलेल्या तापमानाला चार दिवस, आणि तसंच खाली. लाद्यांमधल्या फटी त्यानंतर चुन्यानेच भरा, सिमेंटने नाही.

---

मृण्मयी_संवर्धन

कोबा झाकण्याआधी प्रत्येक लूपचा फोटो, भिंतीपासूनची मोजमापं, कॉइलच्या छापील ओळीचा फोटो आणि दाबाच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा आणि तिची प्रत स्थानिक अभिलेखागारात द्या. उरलेला माल वापरताना ही फाइल अधिक गरजेची, कारण उत्पादकाकडे तुमच्या इमारतीचा काहीच नकाशा नसतो.

---

रेवती_यॉर्कशायर

सगळ्यांचे मनापासून आभार. लॉटमधून १, २, ४, ५ आणि ८ धरून किंमत लावते. ३, ६, ७, ९ शून्य किमतीचे मानते. बोलीच्या आधी मॅनिफोल्डच्या प्रवाहमापकांचा फोटो, ॲक्च्युएटरचे व्होल्ट आणि आट्यांचं माप, पिशव्यांच्या तळाचा फोटो आणि मूळ बिल मागवलं आहे. भिंतीलगतचे चार चाचणी खड्डे संवर्धन अधिकाऱ्याशी बोलून घेणार. पाया ४५० मिमीपेक्षा उथळ निघाला तर खोदकामाचा नकाशा इथे टाकते.

---

गवंडीकाका

खड्डे भिंतीच्या कोपऱ्यात आणि मधोमध असे दोन्हीकडे घ्या. चॅपल उतारावर असेल तर खालच्या बाजूचा पाया खोल आणि वरच्या बाजूचा उथळ असतो. एकाच बाजूचे खड्डे पाहून सरसकट खोली ठरवू नका.